लोपामुद्रा : मुलीसाठी हे नाव कसं वाटतं? अर्थ, मूळ, अनुभव सांगा

तळ्याकाठी

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

आठ दिवसांपूर्वी आम्हाला मुलगी झाली. दोघी ठणठणीत. गुरुजींनी भरणी नक्षत्र, चौथं चरण, मेष रास असं सांगून चिठ्ठीवर 'लो' हे अक्षर लिहून दिलं. 'लो' बघून घरात जरा शांतताच पसरली. लोचना, लोकेश्वरी, लोलिता... पुढे कुणाचंच डोकं चालेना. मला एकदम लोपामुद्रा आठवलं आणि त्या क्षणापासून दुसरं नावच सुचत नाही. नवऱ्यालाही आवडलंय.

अडचण सासूबाईंची. त्या म्हणतात, "'लोप' पावणं म्हणजे नाहीसं होणं. पोरीच्या नावात कुणी असलं घालतं का?" नणंद म्हणते, "मी आत्या, कानात मला कुर्र करायचंय, आणि माझीच जीभ अडखळतेय."

बारशाला चार दिवस आहेत. नावाचा खरा अर्थ काय, ही बाई नेमकी कोण होती, आणि हे नाव घेऊन वावरणारं इथे कुणी आहे का? अगस्त्य ऋषींची बायको, यापलीकडे मला फारसं माहीत नाही.

रात्रपाळी

अभिनंदन! नाव भारदस्त आहे. पण शाळेत हमखास 'लोकमुद्रा' होणार, तयारी ठेवा.

ठेचाभाकर

अवं अभिनंदन! आन् निस्ती 'अगस्त्याची बायको' नका म्हणू बरं, ती आमच्या विदर्भाची लेक हाय. महाभारताच्या वनपर्वात सरळ लिवलं आहे, विदर्भाच्या राजाकडे वाढली म्हणून. दमयंती आमची, रुक्मिणी आमची, अजराजाची इंदुमती आमची, अन् लोपामुद्रा बी आमचीच. कौंडिण्यपूरला वर्धा नदीच्या काठावर उभं राहून हे सांगाले आमची छाती फुगते. पोरींच्या नावात विदर्भाचा हात कोनी धरू शकत नाही.

जुनी वही

ठेचाभाकर, तुमचा अभिमान रास्त आहे. पण ती विदर्भात वाढली तरी तिला घडवलं अगस्त्यानंच. ती गोष्टच सांगते, कारण नावाच्या अर्थाचं निम्मं भांडण तिथूनच सुरू होतं.

अगस्त्याला एका खड्ड्यात त्याचे पितर डोकं खाली करून लोंबकळताना दिसले. वंश पुढे चालला नाही तर आमची सुटका नाही, असं ते म्हणाले. लग्न करायचं तर जोगती बायको दिसेना. मग या गृहस्थानं निरनिराळ्या प्राण्यांचं जे जे अंग उत्तम, तसं तसं घेऊन एक मुलगी घडवली आणि अपत्यासाठी तप करत बसलेल्या विदर्भराजाला देऊन टाकली. राजाला आनंद झाला, ब्राह्मणांनी नाव ठेवलं लोपामुद्रा. पाण्यात कमळ वाढावं तशी ती वाढली. वयात आली तरी अगस्त्याच्या धाकानं कुणी मागणी घालेना. शेवटी मुनी स्वतःच दारात. राजाला द्यायची नव्हती आणि नाही म्हणायची हिंमतही नव्हती. तेव्हा तीच बापाला म्हणाली, मला देऊन टाका आणि स्वतःला वाचवा.

आता अर्थ. महाभारत नावाचा अर्थ उलगडून सांगत बसत नाही. पुढच्या लोकांनी जुळवलं ते असं : हरणाचे डोळे, कुणाची चाल, कुणाचा बांधा हिच्यात आल्यामुळे त्या त्या प्राण्यांची 'मुद्रा', म्हणजे ओळखीची खूण, तिच्यापुढे 'लोप' पावली. दुसरी एक पंडिती फोड 'लोपा' आणि 'आमुद्रा' अशी आहे. इतर स्त्रियांचा रूपाचा गर्व लोपवणारी ती लोपा. या फोडीत 'पा'मधल्या दीर्घ आकाराचाही हिशेब लागतो, कारण साधं 'लोप' आणि 'मुद्रा' जोडलं तर 'लोपमुद्रा' व्हायला हवं.

दोन्ही व्युत्पत्त्या नाव आधी आणि अर्थ मागाहून अशा धाटणीच्या आहेत. नाव ऋग्वेदाइतकं जुनं, आणि ही स्पष्टीकरणं त्यानंतर कितीतरी काळानं आलेली. मी तरी त्यांच्यावर घर बांधणार नाही.

मिरचीकांदा

लोप + मुद्रा. म्हणजे ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री आठ वाजता झालं ते. नोटाबंदीला संस्कृतात लोपामुद्रा म्हणायला हवं.

रात्रपाळी

😂 आणि मुलीनं पुढे धंदा काढला की मुद्रा लोन आपोआप मंजूर.

पाणिनीचं मांजर

हसून झालं असेल तर सासूबाईंच्या शंकेकडे वळू, कारण ती खरी आहे. मराठीत आपण लोप हा शब्द वाईट अर्थानंच वापरतो. परंपरा लोप पावली, माणुसकी लोप पावली. पण ज्या शास्त्रात हा शब्द सगळ्यात जास्त राबतो तिथे त्याची व्याख्या काय आहे ते बघा. पाणिनीचं सूत्र आहे, 'अदर्शनं लोपः' (१.१.६०). दिसेनासं होणं म्हणजे लोप. नाश नव्हे, फक्त न दिसणं.

आणि लगेच दोन सूत्रांनी पुढे तो म्हणतो, 'प्रत्ययलोपे प्रत्ययलक्षणम्' (१.१.६२). प्रत्यय दिसेनासा झाला तरी त्याचं काम चालूच राहतं. क्विप् नावाचा एक प्रत्यय आहे, त्याचं एकही अक्षर शब्दात शिल्लक उरत नाही. पण तो येऊन गेला म्हणूनच 'अग्निचित्' मधला शेवटचा 'त्' उभा राहतो. आला, दिसला नाही, काम करून गेला. आपल्या घरातल्या निम्म्या बायकांचं वर्णन झालं की हे.

नाव ठेवणाऱ्याच्या मनात हे होतं असा माझा अजिबात दावा नाही. ऋग्वेद पाणिनीच्या कितीतरी आधीचा. सासूबाईंना सांगायला मुद्दा म्हणून देतोय.

आणि 'मुद्रा' शब्दाबद्दल महाराष्ट्रात कुणी तक्रार करू नये. 'शाहसूनोः शिवस्यैषा मुद्रा भद्राय राजते' हे आपल्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतं.

कावळ्याची शाळा

जीभ अडखळते म्हणणाऱ्या नणंदबाईंसाठी : लो, पा, मुद्, रा. चारही अक्षरं गुरू. 'मु' ऱ्हस्व असला तरी पुढच्या जोडाक्षरामुळे त्याच्यावर आघात येतो. घाई केली की अडखळायला होतं, सावकाश म्हटलं की नाव डोलतं. मंदाक्रांता वृत्तातला पहिला यती, म्हणजे ओळीतला थांबा, चौथ्या अक्षरावर येतो आणि ती चारही अक्षरं गुरू असतात. 'मंदाक्रांता' हा शब्द स्वतःच तसा आहे. म्हणजे मंदाक्रांतेच्या ओळीत लोपामुद्रा आरंभालाच चपखल बसते. मेघदूत सगळं याच वृत्तात. एकदा मेघदूताच्या चालीत 'लोपामुद्रा' म्हणून बघा, अडखळणं थांबेल.

ठेचाभाकर

अन् मेघदूतातला यक्ष बसला होता रामगिरीवर, म्हंजे आमच्या रामटेकले! पुन्हा विदर्भच. म्या काही बोललो नाही.

मावशीबाय

माझी लेक लोपामुद्रा, वय तेवीस. म्हणून लिहिते.

त्रास आहे, खोटं कशाला बोलू. पहिलीपासून बाईंनी 'लोपा' केलं, मैत्रिणींनी 'लोपू', कॉलेजात 'मुद्रा'. पूर्ण नावानं मीच हाक मारते आणि तीही फक्त रागावले की. दर वर्षी नव्या वर्गात पहिल्या दिवशी "काय? पुन्हा सांग" ठरलेलं. चौथीत असताना रडत घरी आली होती, मला पूजा नाव का नाही ठेवलं म्हणून. वर्गात तीन पूजा होत्या आणि तिघी एकत्र डबा खायच्या, हे खरं दुःख.

दहावीनंतर सूर बदलला. आता तिला कुणी 'अर्थ काय गं' विचारलं की पाच मिनिटं बोलते. तिच्या ऑफिसात तिला आडनावाची गरज पडत नाही, लोपामुद्रा एकच.

मात्र तिची तक्रार अजून एक आहे. पत्ता विचारतात तसं सगळे विचारतात, "बंगाली का?"

हावडा ब्रिज

ते विचारणारच, मावशीबाय! मी पंधरा वर्षं कोलकात्यात काढली. तिकडे या नावानं कुणाची भुवई हलत नाही. लोपामुद्रा मित्र या गायिकेचं नाव तर घराघरात माहीत. ओडिशातही नाव भेटतं. बंगाली लोकांची सोय अशी की दोन नावं असतात : बाहेरचं 'भालो नाम' आणि घरातलं 'डाक नाम'. कागदावर लोपामुद्रा असली तरी घरात ती बुली नाहीतर टुकटुकी. त्यामुळे भारदस्त नाव ठेवताना कुणाचा हात आखडत नाही. आपल्याकडे एकाच नावानं शाळा, लग्नपत्रिका आणि "अगं दूध आण" सगळं निभवावं लागतं, म्हणून आपण दोन-तीन अक्षरांवर आलो. आर्या, काव्या, मायरा, कियारा. सगळ्या एका दमात हाक मारता येतील अशा.

गुजरातीत नुसतं 'लोपा' हे नाव ठेवतात, बऱ्यापैकी ऐकू येतं.

चहाबिस्कीट

मराठी लोपामुद्रा हवी तर लोपामुद्रा राऊत आहे ना, नागपूरची. बिग बॉसच्या दहाव्या पर्वात होती. त्या वेळी आमच्या आजीनं टीव्हीसमोर हे नाव सलग तीन महिने ऐकलं, त्यानंतर तिला ते अवघड वाटेनासं झालं.

ठेचाभाकर

नागपूरची. 🙏 म्या अजूनही काही बोललो नाही.

नदीचं मूळ

दक्षिणेकडे गेलं की हीच बाई नदी होते. कोडगूमध्ये तलकावेरीची कथा सांगतात : कवेर मुनींची कन्या कावेरी, काही कथांमध्ये तीच लोपामुद्रा. अगस्त्याशी लग्न करताना तिची अट होती की मला एकटीला सोडून जायचं नाही. ऋषी तिला कमंडलूत ठेवून स्नानाला गेले आणि ती कमंडलूतून वाहून निघाली. तुला संक्रमणाला, ऑक्टोबरच्या मध्याला, तलकावेरीच्या कुंडात पाणी उसळतं तो तिच्या प्रकट होण्याचा क्षण मानतात. हजारो लोक जमतात.

तमिळमध्ये शब्दाच्या सुरुवातीला 'ल' चालत नाही, म्हणून जुन्या वळणानं तिथे ती 'उलोपामुत्तिरै' होते. नणंदबाईंना सांगा, यापेक्षा आपलं सोपं आहे.

अगस्त्य आपल्याकडेही आहेतच म्हणा. अकोल्याला, म्हणजे अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या अकोल्याला, प्रवरेकाठी त्यांचा आश्रम आहे.

जुनी वही

मूळ प्रश्न 'ही बाई कोण होती' हा अर्धाच राहिलाय, आणि मला वाटतं नाव ठेवण्याआधी तोच बघायला हवा. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात १७९ वं सूक्त आहे. सहाच ऋचा. अगस्त्य आणि लोपामुद्रा यांचा संवाद, आणि पहिलं तोंड ती उघडते.

'पूर्वीरहं शरदः शश्रमाणा...' कितीतरी वर्षं मी राबतेय, रात्री आणि दिवस, म्हातारपण जवळ आणणाऱ्या कितीतरी पहाटा. जरा शरीराची शोभा हिरावून नेते. आता तरी पुरुषांनी आपल्या बायकांकडे यावं.

म्हणजे तपात बुडालेल्या नवऱ्याला ती स्वच्छ सांगतेय की तुझं तप पुरे, मी म्हातारी होतेय. आडून नाही, कुणाच्या मार्फत नाही. अगस्त्य आधी म्हणतो, आपण केलेले श्रम वाया गेलेले नाहीत, दोघं मिळून ही शर्यत जिंकू. चौथ्या ऋचेत तिचं नाव येतं, आणि तिथे गंमतीचा शब्दखेळ आहे : 'धीरमधीरा धयति श्वसन्तम्'. तो धीर, ती अधीरा. जिंकते अधीरा.

शेवटच्या दोन ऋचा परंपरेनं एका शिष्याच्या तोंडी घातल्या आहेत. त्यानं हे बोलणं ऐकलं, त्याचं त्याला पाप वाटलं आणि तो सोमाला म्हणतोय, चुकलं असेल तर क्षमा कर, 'पुलुकामो हि मर्त्यः'. माणसाच्या इच्छा पुष्कळ. आणि शेवट असा की त्या उग्र ऋषीनं दोन्ही पोसलं. दोन्ही म्हणजे काय यावर भाष्यकारांनी भरपूर लिहिलंय. मला सरळ वाचायला आवडतं : तपही आणि संसारही.

बृहद्देवता या जुन्या ग्रंथात ऋग्वेदातल्या ब्रह्मवादिनींची, म्हणजे ऋषी मानल्या गेलेल्या स्त्रियांची, यादी आहे, घोषा, गोधा, विश्ववारा, अपाला अशी सुरू होणारी. त्यात लोपामुद्रा आहे. बायको म्हणून नव्हे, ऋचा पाहणारी म्हणून.

साधा माणूस

माफ करा, पण जी बाई नवऱ्याच्या तपात विघ्न आणते आणि असं उघड बोलते, तिचं नाव मुलीला? आणि महाभारतातही दागिने, पलंग मागते म्हणून त्या बिचाऱ्याला दारोदार फिरावं लागलं.

मावशीबाय

साधा माणूस, माझ्या लेकीला हे वाचून दाखवलं. ती म्हणते, "त्या बिचाऱ्यानंच आधी सगळं उतरवून घेतलं होतं ना?" गोष्ट पूर्ण माहीत असलेलं कुणीतरी सांगा बाई.

जुनी वही

तुमची लेक बरोबर आहे. लग्न झाल्या झाल्या अगस्त्यानं तिला सांगितलं की ही महागाची वस्त्रं आणि दागिने टाकून दे. तिनं टाकले. चिंध्या, वल्कलं, मृगाजिन नेसून गंगाद्वारी, म्हणजे हरिद्वारला, त्याच्याबरोबर तप केलं, त्याची सेवा केली. बरेच दिवस गेले आणि एके दिवशी यालाच अपत्याची आठवण झाली. त्यानं हाक मारली तेव्हा ती हात जोडून, लाजत पण ठामपणे म्हणाली : बापाच्या घरी होती तशी शय्या हवी, तुम्हीही सजून या, मीही दागिने घालीन, या भगव्या चिंध्यांत नाही. तो म्हणाला, माझ्याकडे धन कुठलं? ती म्हणाली, तपाच्या बळावर तुम्ही काहीही आणू शकता. तो म्हणाला, तसं केलं तर तप खर्ची पडेल. त्यावर ती म्हणाली, मग तप न घटवता आणा.

म्हणून हा निघाला. श्रुतर्वा, मग ब्रध्नश्व, मग त्रसदस्यू. तिघांकडेही जमाखर्च सारखा, काढून घेतलं तर प्रजेला झळ बसेल, म्हणून यानं काहीच घेतलं नाही. (हा भाग मला फार आवडतो. राजाचा ताळेबंद बघून परत फिरणारा याचक दुसरीकडे कुठे वाचल्याचं आठवत नाही.) शेवटी सगळे मिळून इल्वल राक्षसाकडे गेले. तिथे इल्वलाचा भाऊ वातापी अगस्त्यानं पोटात जिरवण्याची गोष्ट घडली, ती सगळ्यांना ठाऊक आहे. तीच गोष्ट, जी आपण पोटभर जेवल्यावर पोटावर हात फिरवत आठवतो, तिचं कारण लोपामुद्रेची मागणी आहे, हे मात्र कुणी सांगत नाही.

आणि परत आल्यावर अगस्त्य तिला विचारतो : हजार मुलगे हवेत, की दहांच्या तोडीचे शंभर, की शंभरांच्या तोडीचे दहा, की हजारांना जिंकणारा एक? ती म्हणते, एक पुरे. शहाणी. सात वर्षं गर्भ पोटात राहिला म्हणतात, त्यानंतर दृढस्यू झाला. बापासाठी समिधांचे भारे वाहायचा म्हणून इध्मवाह.

पाणिनीचं मांजर

याच्या शेपटाला एक आकाशातली गोष्ट. अमरकोशात लोपामुद्रा कुठे सापडते? मनुष्यवर्गात नाही, दिग्वर्गात, तारे आणि ग्रहांच्या घोळक्यात. 'मैत्रावरुणिरस्यैव लोपामुद्रा सधर्मिणी'. कारण अगस्त्य हा तारा, रात्रीच्या आकाशात व्याधाच्या खालोखाल तेजस्वी. आणि तिथेच जवळ मृगशीर्षाच्या डोक्यातल्या तारकांचं नाव दिलंय, 'इल्वला'. अगस्त्य, त्याची बायको आणि ज्या नावाच्या राक्षसाकडून धन आणलं ते नाव, तिन्ही जवळजवळच्या ओळींत. मुलगी मोठी झाली की थंडीत दक्षिणेला अगस्ती दाखवा.

साधा माणूस

गोष्ट एवढी माहीत नव्हती. शब्द मागे घेतो. तरी सासूबाईंना ऋग्वेदातलं सूक्त वाचून दाखवू नका, एवढंच म्हणेन.

तळ्याकाठी

बाप रे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी! रात्री फीडिंगला उठते तेव्हा एकेक प्रतिसाद वाचतेय.

पाणिनीचं मांजर, तुमचं 'अदर्शनं लोपः' सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "न दिसणं तरी कशाला हवंय?" म्हणजे एक अंशानं सरकल्या. नणंदेनं मेघदूताची चाल यूट्यूबवर ऐकली, आता भांडी घासताना तेच म्हणतेय.

एक विचारायचं राहिलं, जन्मदाखल्यावर एवढं लांब नाव बसतं का?

कारकून क्र. २

नाव बसतं, पण पुढची गर्दी लक्षात घ्या. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्रात सरकारी कागदपत्रांवर बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. चार अक्षरी लोपामुद्रा, त्यात तुमचं नाव चार अक्षरी असेल आणि आडनाव कुलकर्णी-देशपांडे जातीचं असेल, तर पुढे आयुष्यभर फॉर्मवरच्या चौकटी मोजाव्या लागतील.

दुसरं, घाईनं ठरवू नका. जन्माची नोंद नाव न घालताही होते. नंतर १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यापुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. पण एकदा घातलेलं नाव बदलणं डोकेदुखी आहे. इंग्रजी स्पेलिंग आधी घरात ठरवा, एका कागदावर लिहून ठेवा आणि सगळीकडे तेच द्या. माझ्या टेबलावर येणाऱ्या भांडणांपैकी निम्मी एका 'ए' वरून असतात.

कावळ्याची शाळा

मला थोडं वेगळं म्हणायचंय. नाव सुंदरच आहे. पण 'ऋग्वेदातली ठाम स्त्री' म्हणून ठेवत असाल तर हेही माहीत असू द्या की पुढच्या काळानं तिला अगदी उलटं करून ठेवलंय. स्कंदपुराणाच्या काशीखंडात देव अगस्त्याच्या आश्रमात येतात आणि बृहस्पती लोपामुद्रेला समोर ठेवून पतिव्रतेची लक्षणं सांगतात. नवरा जेवल्यावर जेवणारी, तो निजल्यावर निजणारी, सावलीसारखी मागे राहणारी. तेच आपल्या गुरुचरित्रात, एकतिसाव्या अध्यायात आलंय. जिनं नवऱ्याला 'तुझं तप पुरे' म्हटलं, तिचंच नाव घेऊन बायकांना गप्प बसायला शिकवलं गेलं. मला याचा राग येतो, पण नावाचा दोष नाही.

ललितासहस्रनामात मात्र तिची वेगळी आठवण आहे. देवीचं एक नावच 'लोपामुद्रार्चिता', लोपामुद्रेनं जिची पूजा केली ती. श्रीविद्येत, म्हणजे देवीच्या उपासनेच्या एका पंथात, तिच्या नावानं मंत्राची परंपरा आहे. तिथे ती कुणाची सावली नाही, उपासक आहे.

तळ्याकाठी

कावळ्याची शाळा, थांबा. गुरुचरित्र? एकतिसावा अध्याय? आमच्या घरी आजेसासऱ्यांनी चाळीस वर्षं दत्तजयंतीचा सप्ताह केला. आजेसासूबाई आहेत, वय अठ्ठ्याऐंशी. आत्ताच विचारते.

रात्रपाळी

🍿

मावशीबाय

अगं लवकर ये परत!

तळ्याकाठी

(पाच दिवसांनी) उशीर झाला, बारसं होतं.

आजेसासूबाईंच्या खोलीत गेले, म्हटलं, आजी, लोपामुद्रा नाव ठेवलं तर? त्या पडल्या होत्या, उठून बसल्या. "एकतिसाव्या अध्यायातली? माहूरच्या बाईच्या गोष्टीत येते ती?" मी हो म्हटलं. "मग विचारतेस काय? ह्यांच्या तोंडून दर वर्षी ऐकलंय मी. पुण्यवान बाई." आणि सासूबाईंना हाक मारून म्हणाल्या, "लोप-बिप काही नाही. गुरुचरित्रात असलेलं नाव अशुभ कसं असेल गं?" विषय संपला. पाणिनीला जे चार दिवसांत जमलं नाही ते आजींनी एका वाक्यात केलं.

पण मला चैन पडेना. ज्या कारणासाठी आजींना नाव आवडलं ते माझं कारण नव्हतंच, ते लपवून होकार घ्यायचा म्हणजे फसवल्यासारखं. दुपारी सगळे निजल्यावर मी त्यांना ते ऋग्वेदातलं सूक्त सांगितलं. जमेल तसं, आडवळणानं. वर्षानुवर्षं राबले, आता मी म्हातारी होतेय, आता तरी माझ्याकडे बघा, असं ती नवऱ्याला म्हणाली म्हणून.

आजी बराच वेळ बोलल्या नाहीत. मला वाटलं रागावल्या. मग बाळाच्या पायाला हात लावून म्हणाल्या, "बरं झालं की. विचारलंन तरी तिनं."

कानात कुर्र झालं. नणंद अडखळली नाही.

ठेचाभाकर

माहेर विदर्भाचं हाय पोरीचं, पहिल्या वाढदिवसाले रामटेकले आणा.

मिरचीकांदा

नोटाबंदीचा विनोद मागे घेतो. अभिनंदन.

कारकून क्र. २

स्पेलिंग ठरलं का?

तळ्याकाठी

नाही. त्यावरून कालपासून नवरा आणि नणंद बोलत नाहीयेत.